चढतें वादळ आणि मालवणचा किनारा

वैशाख अर्धा सरला म्हणजे आमच्या दक्षिण कोंकणांतील माणसाचें एक लक्ष आंब्याच्या शेंड्याकडे व दुसरें पश्चिमेच्या आभाळाकडे लागलेलें असतें. हापूसचा शेवटचा तोडा उतरावयाचा असतो, घरावरचीं कौलें चाळावयाचीं असतात, लांकूडफांटा पडवींत घ्यावयाचा असतो, आणि मच्छीमाराच्या घरीं होडी ओढून शाकारण्यापूर्वी साधतील तेवढ्या खेपा साधून घ्यावयाच्या असतात. या साऱ्या खटाटोपास आमच्याकडे आगोटीची तयारी म्हणतात. पाऊस मृगांत यावा असा संकेत आहे, व तो पाळण्याची जबाबदारी पावसावर आहे असें आम्ही मंडळी धरून चालतों. परंतु कधीं कधीं मृगाच्या तीन आठवडे अगोदर, कोणाच्याहि तयारीची वाट न पाहतां, समुद्रांतून दुसराच पाहुणा निघतो. सन २०२१ च्या मे महिन्यांत आलेलें ‘तौक्ते’ नांवाचें चक्रीवादळ अशांपैकीं होतें. कौलें किती उडालीं, खांब किती पडले, मदत कोणास पोंचली व कोणास पोंचली नाहीं, हें सर्व त्या वेळीं वर्तमानपत्रांतून येऊन गेलें. आम्हांस येथें त्या वादळाच्या एकाच गुणाविषयीं लिहावयाचें आहे. तो गुण असा कीं, तें वाटेंत वाढत गेलें.

प्रथम शब्दाविषयीं थोडेंसें. जुन्या शिक्षकाची ही खोड वाचक चालवून घेतील. इंग्रजींत ज्यास ‘सायक्लोन’ म्हणतात तें नांव कलकत्त्यांत घडलें. हेन्री पिडिंग्टन या गृहस्थानें नावाड्यांसाठीं लिहिलेल्या व १८४८ सालीं प्रसिद्ध झालेल्या पुस्तकानें तें रूढ केलें. वर्तुळ किंवा वेटोळें या अर्थाचा एक ग्रीक शब्द त्यानें त्यासाठीं घेतला. आतां हा ग्रीक शब्द व आपला ‘चक्र’ हे एकाच मूळाचे आहेत, असें भाषाशास्त्रज्ञ सांगतात. तेव्हां ‘चक्रवात’ हें सायक्लोनचें भाषांतर नसून त्याचें भावंड आहे. श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधांत बाळकृष्णास उचलून नेणारा तृणावर्त दैत्य चक्रवाताचेंच रूप घेऊन येतो, हें आमच्या घरांतील बायकामुलांनाहि ठाऊक आहे. अमरकोश पाठ केलेल्यांस महावात व झंझावात यांतला भेद आठवेल. वाऱ्याबरोबर पाऊस असला म्हणजे तो झंझावात. अमेरिकेच्या बाजूस ज्यास ‘हरिकेन’ व चीन-जपानकडे ज्यास ‘टायफून’ म्हणतात तो याच जातीचा. समुद्र बदलला कीं नांव बदलतें, एवढेंच.

‘तौक्ते’ हें नांव मात्र ना ग्रीक ना संस्कृत. आपल्या बाजूच्या समुद्रांतील वादळांस नांवें देण्याचा मान भोंवतालच्या देशांकडे पाळीपाळीनें जातो. त्या खेपेस तो ब्रह्मदेशाचा होता, आणि त्यानें मोठ्यानें ओरडणाऱ्या एका पालीचें नांव दिलें. आमच्याकडे पालीच्या चुकचुकण्यास कांहीं घरांत अजून अर्थ आहे. तेव्हां ज्यांनीं हें नांव ऐकलें त्यांतील कांहीं वृद्ध स्त्रियांनीं ‘कृष्ण, कृष्ण’ म्हटलें असल्यास नवल नाहीं.

आतां मूळ मुद्द्याकडे वळूं. वादळ वाढतें म्हणजे काय होतें? त्याचें अन्न म्हणजे समुद्राच्या पाण्याची ऊब. पाण्याचें उष्णमान साडेसव्वीस अंशांच्या वर असलें, कीं त्यावरील दमट हवा जोरानें वर चढूं लागते. वर गेल्यावर तींतील वाफेचें पाणी होतें व त्या वेळीं जी उष्णता मोकळी होते ती हवेस आणखी वर लोटते. खालीं हवेचा दाब कमी होतो व भोंवतालचें वारें त्या पोकळीकडे धांवतें. पृथ्वी फिरत असल्यानें तें सरळ न जातां वळसा घेतें. आपल्या उत्तर गोलार्धांत हा वळसा घड्याळाच्या कांट्याच्या उलट असतो. वरच्या थरांतील वाऱ्यानें हा खांब मोडून टाकला नाहीं, तर तो फिरत फिरत बळकट होत जातो. ऐन पावसाळ्यांत वरचे वारे इतके जोराचे असतात कीं खांब उभाच राहूं शकत नाहीं. म्हणून आपल्याकडे हीं वादळें पावसाळ्याच्या आधीं किंवा पावसाळा संपल्यावर येतात. २०२१ च्या मे महिन्यांत अरबी समुद्राचें पाणी तीस अंशांच्या घरांत होतें. चुलींत लांकडें भरपूर होतीं.

त्या सालीं अक्षय्य तृतीया १४ मे रोजीं होती. त्या दिवशीं सकाळीं लक्षद्वीपच्या बाजूस कमी दाबाचें क्षेत्र चांगलेंच खोल झालें व रात्रीपर्यंत त्याचें चक्रीवादळ झालें. १५ तारखेस संध्याकाळीं तें ‘तीव्र’ झालें, १६ च्या पहाटे ‘अतितीव्र’, आणि १७ च्या पहाटे ‘अत्यंत तीव्र’. (अति व अत्यंत यांत वेधशाळेनें असा भेद कां केला असावा, हें व्याकरणास विचारून उपयोग नाहीं. अत्यंत म्हणजे अंताच्याहि पलीकडचें. परंतु वेधशाळेच्या पायऱ्यांत त्याच्याहि पुढें एक महाचक्रीवादळ शिल्लक आहेच.) या पायऱ्या वाऱ्याच्या वेगावर ठरतात. ताशीं ६२ किलोमीटरपासून चक्रीवादळ, ८९ पासून तीव्र, ११८ पासून अतितीव्र. १७ च्या दिवशीं मध्याभोंवतीं वाऱ्याचा वेग ताशीं १८० किलोमीटरांच्या आसपास गेला होता, व मध्यांतील दाब ९५० मिलिबारपर्यंत उतरला होता. एरवीं तो हजाराच्या थोडा वर असतो. त्याच दिवशीं रात्रीं तें दीव व उना यांच्या दरम्यान सौराष्ट्राच्या भूमीवर चढलें.

म्हणजे आमच्या सिंधुदुर्गाच्या भूमीवर तें आलेंच नाहीं. रविवारीं १६ तारखेस तें पणजीच्या व नंतर मालवणच्या पश्चिमेस, सव्वाशे-दीडशे किलोमीटर अंतरावरून, उत्तरेकडे निघून गेलें. नकाशावर बोट ठेवून पाहिलें तर तें जणुं आमच्या दारावरून दुसऱ्याच्या घरीं चाललें होतें. ‘तें गुजराथेस जाणार’ हें वाक्य शनिवारीं बाजारांत दहा तोंडीं ऐकूं येत होतें, व ऐकणारा प्रत्येक जण तें सुटकेच्या अर्थानें घेत होता. मुंबई-पुण्याच्या आप्तांनींहि दूरध्वनीवरून हेंच समाधान कळविलें. वाक्य खोटें नव्हतें. त्याचा अर्थ खोटा घेतला जात होता. वादळ म्हणजे नकाशावरचा ठिपका नव्हे. त्या ठिपक्याभोंवतीं शेंकडों किलोमीटर पसरलेलें वाऱ्याचें व पावसाचें चक्र असतें, आणि किनाऱ्याला समांतर जाणारें वादळ त्या चक्राची एक कड साऱ्या किनाऱ्यावरून घासत नेतें. भूमीवर चढणारें वादळ एका जिल्ह्यावर तुटून पडतें व चढतांक्षणींच त्याचें अन्न तुटतें. समांतर जाणाऱ्याचें अन्न मात्र चालूच राहतें.

वारा कोणत्या क्रमानें फिरला हेंहि पाहण्यासारखें होतें. वादळाचा मध्य नैऋत्येस होता तोंवर आमच्याकडे वारा आग्नेयेकडून, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहत होता. असा वारा माणसास फसवतो. किनाऱ्यालगतचें पाणी तो दाबून धरतो, आणि लाटांची उंची कांठावरून कमी भासते. मध्य पश्चिमेस आला तसा वारा दक्षिणेचा झाला व पुढें नैऋत्येचा, म्हणजे समुद्राकडून थेट घरावर येणारा. पाठ वाऱ्याकडे करून उभें राहावें, म्हणजे कमी दाबाचा मध्य आपल्या डाव्या हातास असतो, हा नियम बाइज बॅलट नांवाच्या डच शास्त्रज्ञानें १८५७ सालीं मांडला, व आम्ही तो वर्गांत फळ्यावर आकृति काढून शिकवीत असूं. आमच्या ओळखीचा एक म्हातारा तांडेल हा नियम शाळेवांचून जाणतो. रविवारीं दुपारीं किनाऱ्यावर तो भेटला. आम्ही म्हटलें, “तांडेलानूं, वादळ तर पुढें गेलें म्हणतात.” त्यानें समुद्राकडे पाहतच उत्तर दिलें, “पुढे गेला ता खरा, मास्तरानूं. पण वारो आता दक्षिणेक फिरलो. काय ता रातीक कळतला.” आणि तो आपल्या होडीस दुसरा दोर घालूं लागला.

या दुसऱ्या दोरांत सर्व हिशेब आहे. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ताशीं ४० किलोमीटरचा वारा ८० चा झाला तर दोरावरची ओढ दुप्पट होत नाहीं, चौपट होते. १२० चा झाला तर नऊपट. गणितांत ही गोष्ट मुलगा एका मिनिटांत सोडवतो. होडी बांधतांना मात्र माणूस समोर दिसणाऱ्या वाऱ्यास पाहून बांधतो, व थोडी भर म्हणून दीडपट घालतो. वादळ एकाच पायरीवर स्थिर राहील तर ही दीडपट पुरते. जें वादळ दर बारा तासांस पायरी चढत आहे त्यास सकाळीं घातलेली गांठ संध्याकाळीं कशी पुरावी? चोवीस तासांत वाऱ्याचा वेग ताशीं ५५ किलोमीटर किंवा अधिक वाढला तर शास्त्रज्ञ त्यास ‘झपाट्याची वाढ’ असें नांव देतात. आणि वादळ कोणत्या वाटेनें जाईल हें सांगणें जितकें साधलें आहे तितकें ही वाढ केव्हां होईल हें सांगणें साधलेलें नाहीं. वाटेचें भाकीत गेल्या कांहीं दशकांत पुष्कळ नेमकें झालें. बळाचें भाकीत त्याच्या मागें आहे.

देवगडचें बंदर आमच्या किनाऱ्यावर उत्तम आसरा समजलें जातें. डोंगराच्या कुशींत आंत वळलेलें पाणी. दूरदूरच्या नौका वादळांत तेथें धांव घेतात. त्याच देवगडच्या आनंदवाडी बंदरांत नांगरून ठेवलेल्या होड्यांपैकीं कांहीं त्या रविवारीं सुटल्या व बुडाल्या, आणि त्यांवरील कांहीं खलाशांचे प्राण गेले. समुद्रांत गेलेल्यांचे नव्हेत, बंदरांत परतलेल्यांचे! इशारा वेळेवर मिळाला होता, तो त्यांनीं पाळला होता, नौका आसऱ्यास आणल्या होत्या. मग माणसें होडीवर काय करीत होतीं, असा प्रश्न शहरांतील वाचकास पडेल. माणूस होडीवर राहतो तो दोर राखण्यासाठीं. आजची यांत्रिक नौका कित्येक लाखांची असते व बहुधा कर्जाची असते; ती दुसऱ्या नौकेवर आदळली तर दोन्ही जातात. रात्रभर दोर ढिला करणें, ताणणें, आदळणाऱ्या नौकेस बांबूनें दूर लोटणें, हें कोणीतरी करावें लागतें. तें करणारा बहुधा मालक नसतो.

पुढें मुंबईच्या समुद्रांत, तेलविहिरींच्या क्षेत्रांत, हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडली. ‘पी ३०५’ या तराफ्यावर २६१ माणसें होतीं. नांगर निसटले, तराफा वाहवत गेला, व १७ तारखेस संध्याकाळीं बुडाला. नौदलानें त्या खवळलेल्या समुद्रांतून बहुतेकांस काढलें, तरी सत्तरांहून अधिक गेले. नांगर टाकतांना जो वारा होता त्याचा व जो वारा पुढें आला त्याचा मेळ बसला नाहीं, एवढें तरी त्यावरून उघड होतें.

आतां याच्या उलट उदाहरण घेऊं. सन २००९ च्या नोव्हेंबरांत ‘फयान’ आलें. (हेंहि नांव ब्रह्मदेशाचेंच.) तौक्तेपुढें तें अगदींच लहान, त्याचा वेग ताशीं ८५ किलोमीटरांच्या आसपासच राहिला. परंतु ११ नोव्हेंबरच्या पहाटेच्या सुमारास त्याचें चक्रीवादळ झालें आणि त्याच दिवशीं दुपारीं तें अलिबाग व मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर येऊनहि गेलें. नारळीपौर्णिमेनंतरचा ऐन हंगाम. नौका चार चार दिवसांसाठीं खोल समुद्रांत गेलेल्या. रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांतील अनेक घरांत त्या दिवसापासून माणूस परत आला नाहीं. फयानचें नांव काढलें कीं आमच्या गाबीत बंधूंच्या वस्तींत अजून बोलणें थांबतें. तौक्तेविषयीं मात्र माणसें तावातावानें बोलतात. वादळाची भीति त्याच्या अंगच्या बळावर जितकी अवलंबून असते, त्याहून त्यानें आपणांस किती तास दिले यावर अधिक असते. तौक्तेनें चार दिवस दिले. परंतु त्या चार दिवसांत तें स्वतः एकसारखें राहिलें नाहीं.

तिसरा प्रकार ‘क्यार’चा. सन २०१९ च्या दिवाळींत तें आमच्या समोरच्या समुद्रांत उभें राहिलें, किनाऱ्याकडे तोंड करून थोडें आलें, मग पश्चिमेस वळून ओमानच्या बाजूस चालूं लागलें, व आमच्यापासून दूर जातां जातां महाचक्रीवादळाच्या पायरीस पोंचलें. २००७ च्या ‘गोनू’नंतर अरबी समुद्रांत या पायरीचें दुसरें झालें नव्हतें. आम्हांस वाऱ्याचा त्रास बेताचा झाला, पण पाणी मात्र देवबागच्या अंगणांत आलें. याचें कारण तिथींत आहे. त्या सालीं लक्ष्मीपूजन २७ ऑक्टोबरास होतें. म्हणजे अमावास्येचें उधाण व वादळाच्या लाटा एकाच वेळीं आल्या. तौक्तेच्या वेळीं अमावास्या ११ मे रोजीं होऊन गेली होती व १६ तारखेस समुद्र भांगेकडे उतरत होता. हेंच वादळ पांच दिवस आधीं येतें तर देवबाग व तळाशील येथील घरांचें काय झालें असतें, हा विचार करवत नाहीं. ज्यांनीं हीं गांवें पाहिलीं नाहींत त्यांच्यासाठीं सांगतों: देवबाग म्हणजे एका बाजूस समुद्र व दुसऱ्या बाजूस कर्लीचें पात्र यांमध्यें निमुळती होत गेलेली वाळूची पट्टी, तळाशीलची स्थितीहि गड नदीच्या मुखाशीं तशीच. तेथें घराच्या पुढल्या दारीं समुद्र व मागल्या दारीं खाडी. मालवण शहरापुढें निदान सिंधुदुर्ग किल्ला व भोंवतालचीं खडपें लाटा फोडण्यास उभीं आहेत. शिवछत्रपतींनीं १६६४ सालीं कुरटे बेटाची निवड केली ती शत्रूच्या आरमारासाठीं. तिचा हा उपयोग आम्हांस फुकट मिळाला.

सन २०२० च्या जूनमधील ‘निसर्ग’ वादळानें श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या बागा झोपविल्या. आमच्याकडे तें फारसें जाणवलें नाहीं. जूनच्या आरंभीं मासेमारीचा हंगाम सरत आलेला असतो, हेंहि ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. मेच्या मध्यांत येणारें वादळ नौका पाण्यांत असतांनाच येतें.

तौक्तेनंतर आमच्या जिल्ह्यांत कित्येक गांवीं बरेच दिवस वीज नव्हती. माड व आंबे तारांवर पडले होते, खांब वांकले होते. त्याच दिवसांत करोनाची दुसरी लाट चालू होती, आणि ज्या घरीं प्राणवायूचें यंत्र विजेवर चालत होतें त्या घरीं दिवा गेला तेव्हां काय वाटलें असेल, तें ज्याचें त्यालाच ठाऊक. आंब्याचा शेवटचा तोडा सड्यावर पडून कुजला. पडलेल्या माडाविषयीं मात्र शहरांत कोणी विचारीत नाहीं, म्हणून सांगतों. आंबा एका सालाचा जातो. माड पडला तर नवा रोप फळास येण्यास सहा-सात वर्षें लागतात, व तोंवर त्या जागेचें उत्पन्न शून्य.

पूर्वी असा समज होता, व आंकडेहि तेंच सांगत, कीं बंगालच्या उपसागरांत चार वादळें झालीं तर आपल्या समुद्रांत एक होतें. हें प्रमाण पूर्वीसारखें राहिलेलें नाहीं. २०१९ सालीं अरबी समुद्रांत पांच चक्रीवादळें झालीं. क्यार अजून शमलें नव्हतें तोंच ‘महा’ उठलें. २०१८ पासून २०२१ पर्यंत दरसाल पावसाळ्याच्या तोंडावर येथें एक वादळ झालें, व २०२३ च्या जूनमध्यें ‘बिपरजॉय’ कित्येक दिवस समुद्रांत रेंगाळून कच्छच्या किनाऱ्यास लागलें. समुद्राचें पाणी तापत चाललें आहे, हें त्याचें एक कारण, असें पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेंतील संशोधक सांगतात. वादळांची संख्या, त्यांचा काळ व बळ, तिन्ही वाढल्याचें त्यांस आढळलें आहे. चुलींत लांकडें वाढलीं म्हणजे आधण लवकर येतें, हें समजण्यास मॅट्रिकचीहि गरज नाहीं.

बंदरावर वादळाचा बावटा लावण्याची पद्धत जुनी आहे. दिवसा शंकूच्या व नळकांड्याच्या आकाराच्या खुणा, रात्रीं दिवे. ‘तीन नंबरचा बावटा लागला’ हें वाक्य आमच्याकडे लहान मुलासहि कळतें. परंतु बावटा त्या क्षणाची स्थिति सांगतो. वेधशाळेचें पत्रक अधिक सांगतें. त्याच्यांत एक कोष्टक असतें. त्यांत वादळ आतां कोठें आहे व त्याचा वेग काय, हें पहिल्या ओळींत, आणि सहा तासांनीं, बारा तासांनीं, चोवीस तासांनीं तें कोठें व किती वेगाचें असेल, हें खालच्या ओळींत असतें. बातमी सांगणारे बहुधा पहिली ओळ वाचतात. आमच्या त्या तांडेलाचा नातू हल्लीं महाविद्यालयांत आहे. तो पत्रक भ्रमणध्वनीवर उघडून आजोबांस खालची ओळ वाचून दाखवतो, व आजोबा तेवढी ऐकून किती दोर घालावयाचे तें ठरवितात. रात्रीं होडीवर कोणीं राहावयाचें, यावर मात्र त्या दोघांचें अजून एकमत झालेलें नाहीं. नातू म्हणतो, कोणींच नाहीं. होडी गेली तर गेली. म्हातारा म्हणतो, कर्ज तुझ्या नांवावर नाहीं.